चेंडूसह एक नग

माणूस निवृत्त होतो, पण माऊस होत नाही, हे धाकटीला बुधवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळलं. तेव्हापासून शुक्रवारच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत ती एकदाही धड बसली नाही. बसली ती बसमध्ये, तीही अर्ध्या सीटवर.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. थोरली जाऊ परदेशात राहून फोनवरून सल्ले द्यायची, त्यामुळे सल्ले ऐकण्यापासून ते अमलात आणण्यापर्यंतची सगळी खाती धाकटीकडे होती. पाणीपुरवठा कार्यालयात ती लिपिक होती आणि ते कार्यालय घरापासून दोन बस आणि एक लांबलचक पूल इतकं दूर होतं. घरी अकरा महिन्यांची ठमी. सकाळी ठमी झोपेत असताना निघायचं आणि संध्याकाळी ती पेंगायला लागली की पोचायचं. मधल्या वेळात ठमी रांगायला लागली, ही बातमी धाकटीला सासऱ्यांच्या फोनवरून समजली. पहिला दात आला तोही फोनवरच. "दुसऱ्या दाताला मी घरी असणार," असं म्हणून तिनं बदलीचा अर्ज ठोकला. दुसरा दात आला, तिसरा आला, आणि सहाव्या दाताबरोबर आदेश आला.

आदेश दृष्ट लागण्यासारखा होता. घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या उपकार्यालयात बदली! फक्त शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, की शुक्रवारी कार्यालयीन वेळेत रुजू न झाल्यास आदेश आपोआप रद्द समजावा आणि जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कर्मचाऱ्याला द्यावी. पुढचा कर्मचारी कोण, हे धाकटीला ठाऊक होतं. तो तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा आणि बुधवार सकाळपासून तिच्याकडे फार आपुलकीनं बघत होता.

आता, रुजू होण्याआधी कार्यमुक्त व्हावं लागतं. कार्यमुक्त होण्याआधी ना-देय दाखला लागतो, म्हणजे या बाईकडे कार्यालयाची कसलीही वस्तू राहिलेली नाही असा कागद. आणि तो कागद देतात भांडारपाल. हे गृहस्थ तळघरात बसत. बोलत हळू, लिहीत त्याहून हळू, आणि घाईत असलेला माणूस समोर दिसला की चष्मा पुसायला घेत.

त्यांनी चष्मा पुसला आणि जडसंग्रह नोंदवही उघडली. कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची ही वही. तिच्यात शिरलेली वस्तू सहसा बाहेर पडत नाही.

"तुमच्या नावावर," पानावरून बोट फिरवत ते म्हणाले, "कळफलक, गोल पिनेचा, एक. कळफलक, चपट्या पिनेचा, एक. कळफलक, मधोमध वाकलेला, एक."

"वाकलेला?"

"तसाच येतो तो. मनगट दुखू नये म्हणून. मागच्या साहेबांनी मागवला होता. मनगटाचं दुखणं थांबलं, मग मान दुखायला लागली. पुढे, पडद्याला टेकवायची लेखणी, एक. पायानं दाबायची पट्टी, एक. वर गोळा असलेला माऊस, एक. तो हलवायचा नाही, नुसता गोळाच फिरवायचा. दिव्याचा माऊस, एक. बिनवायरचा, एक. आणि माऊस, खालून चेंडूचा, चेंडूसह, एक नग."

धाकटी थक्क झाली. ती वापरायची एकच माऊस आणि एकच कळफलक. पण तिच्या टेबलाखाली एक कपाट होतं. दर नव्या साहेबाबरोबर एक नवी वस्तू आली, साहेब गेले आणि वस्तू त्या कपाटात गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिच्यापुढे एक यादी सरकवली होती आणि तिनं खाली सही ठोकली होती. पहिल्या दिवशी माणूस कशावरही सही करतो. लग्नाच्या नोंदणीतही तिनं तसंच केलं होतं, पण तिथे निदान माल समोर बसलेला होता.

दोन फेऱ्यांत तिनं कपाट तळघरात आणून ओतलं. भांडारपालांनी एकेक वस्तू पारखली आणि शेवटचा माऊस उताणा केला. पोटात भोक.

"चेंडू?"

या जुन्या माऊसच्या पोटात रबरी सालीचा एक जड चेंडू असायचा. माऊस टेबलावर सरकला की चेंडू फिरायचा, चेंडूनं आतल्या दोन बारक्या दांड्या फिरायच्या आणि पडद्यावरचा बाण हलायचा. चेंडूला टेबलावरचा मळ चिकटायचा, म्हणून झाकण फिरवून तो बाहेर काढायचा, पुसायचा आणि परत ठेवायचा. परत ठेवायला कुणीतरी विसरलं होतं, बहुधा ठमीची आई शाळेत असताना.

"मी आले तेव्हाही नव्हता," धाकटी म्हणाली.

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"सही करताना उलटा करून पाहिला होता?"

बारा वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या बाईला असा प्रश्न! तिचे कान तापले. "साहेब, हा माऊस कुणीच वापरत नाही. तुम्ही निर्लेखन करून टाका ना. भंगारात काढा."

"अपूर्ण वस्तूचं निर्लेखन होत नाही, मॅडम. वस्तू आधी पूर्ण पाहिजे. पूर्ण झाल्यावर ती बिघडलेली पाहिजे. मग मी आनंदानं काढीन." आणि त्यांनी चष्मा पुन्हा काढला.

संध्याकाळी घरात ही हकिगत सांगताना धाकटीपुढे तो पोटात भोक असलेला माऊस होता, मांडीवर ठमी होती आणि ठमीच्या हातात तिच्या आईची वेणी. सासरे, म्हणजे नाना, सगळं शांतपणे ऐकत होते. नानांनी एकतीस वर्षं टंकलेखनाचे वर्ग चालवले होते. माऊस या वस्तूबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट होतं.

"दहा बोटं दिलीत देवानं. ती कळांवर ठेवायची. त्यातला एक हात उचलायचा आणि बाजूला नेऊन काहीतरी गोंजारत बसायचं, ही काय कामाची रीत झाली? आमच्या वर्गात कुणी हात उचलला असता तर मी पट्टी मारली असती."

"तुमच्या पट्टीनं चेंडू येणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "तिला शुक्रवारी पोचायचंय."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या विमावाल्या काकू आल्या. त्यांना घरात कुणीतरी अडचणीत आहे याचा वास जिन्यातच लागत असे. त्यांनी माऊस हातात घेतला, भोकात डोळा लावून पाहिलं आणि विजेसारख्या वर गेल्या. परत आल्या त्या आपल्या यजमानांची काखेत लावायची अत्तराची बाटली घेऊन. तिच्या तोंडाशी एक चेंडू असतो आणि तो फिरवला की अत्तर लागतं. काकूंनी सुरीनं तो चेंडू उपटून काढला.

"अगं, हा बसतोय का बघ! चेंडूसारखा चेंडू आहे."

"पण काका उद्या काय लावतील?"

"एक दिवस नाही लावलं तर काय बिघडतं? मी एवढी वर्षं काढलीच ना."

चेंडू बसला. किंचित घट्ट, पण बसला. धाकटीनं काकूंना मिठी मारली. ठमीनंही मारली, कारण काकूंच्या गळ्यात चष्म्याची साखळी होती.

गुरुवारी सकाळी ती भांडारपालांपुढे उभी राहिली तेव्हा तळघरात चंदनाचा घमघमाट सुटला. त्यांनी माऊस हुंगला आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

"म्हणजे?"

"नोंदवहीत 'चालू स्थितीत' असं लिहिलंय. चालू आहे की बिघडलाय, ते चालवल्याशिवाय मी कसं लिहू?"

आता या माऊसची पीन गोल होती आणि कार्यालयातल्या एकाही संगणकाला गोल भोक उरलं नव्हतं. गोल पिनेची चपटी करणारं एक बोंडुक असतं, असं संगणक दुरुस्तीवाला म्हणाला. तो स्वतः आला, बोंडुक लावलं, आणि बोंडुक गरम झालं. "हा फारच जुना आहे, मॅडम. हा बोंडकाचं ऐकत नाही," असं सांगून तो जेवायला गेला. शेवटी अभिलेख कक्षात, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यांमागे, गोल भोकाचा एक संगणक सापडला. तो सुरू व्हायला सतरा मिनिटं लागत. शिवाय माऊस आधी लावावा लागे आणि संगणक मग सुरू करावा लागे. हे धाकटीला कळलं ते पहिली सतरा मिनिटं संपल्यावर.

दुसऱ्या सतरा मिनिटांत तिनं घरी फोन केला. ठमी जेवत नव्हती. ठमी कुणाचंच ऐकत नव्हती. फोन ठमीच्या कानाला लावला तेव्हा तिनं फक्त एक मोठा श्वास घेतला आणि धाकटीला तिथेच, पावत्यांच्या धुळीत, रडू फुटायच्या बेतात आलं. पण समोर भांडारपाल उभे होते, आणि त्यांच्यापुढे रडण्याचा अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा हे तिला माहीत नव्हतं.

संगणक सुरू झाला. धाकटीनं माऊस डावीकडे नेला, उजवीकडे नेला. बाण जागचा हलेना. अत्तराचा गुळगुळीत चेंडू दांड्यांवरून नुसता घसरत होता.

"बघा, बिघडलेला आहे!" धाकटी हर्षभरानं म्हणाली. "काढा भंगारात!"

"बिघडलेला माऊस नाही, मॅडम. चेंडू चुकीचा आहे," भांडारपाल म्हणाले. त्यांना इतकं नेमकं काही सांगायची संधी बरीच वर्षं मिळाली नसावी. त्यांचा चेहरा उजळला होता. "याला जड चेंडू लागतो. वर रबर पाहिजे. उद्या या."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी जिन्यात भेटला. "राहिलं का काही, ताई? नाही, काळजी वाटते म्हणून विचारलं. तिकडे खिडकीजवळची जागा आहे म्हणतात." त्याच्या हातात त्या उपकार्यालयापर्यंतच्या बसचं वेळापत्रक होतं.

गुरुवारी संध्याकाळी नाना उठले. इतका वेळ त्यांनी माऊसचा नुसता धिक्कार केला होता, पण भांडारपालानं आपल्या सुनेला दोन दिवस उभं ठेवलं हे कळल्यावर प्रश्न तत्त्वाचा झाला. ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले आणि ट्रकच्या चाकातला एक पोलादी गोळा घेऊन आले. मग सायकलच्या फुटक्या ट्यूबचे पट्टे कापले, पंक्चर काढायचा डिंक घेतला आणि गॅलरीत बैठक मारली. पट्टा गुंडाळला की गोळा भोकात जाईना. पट्टा सोलला की खडखडे. तीन वेळा सोलला, तीन वेळा चिकटवला. शेवटी सासूबाईंनी नखं घासायची कानस आणून दिली आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांत भिंतीला एक खिळा मारला नाही या माणसानं. आता गोळे वळतोय."

"खिळ्यात कौशल्य कसलं?" नाना म्हणाले.

ठमी त्या गोळ्याकडे रांगत निघाली की धाकटी तिला मागे ओढायची. ठमी पुन्हा निघायची. दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयात घरात तसले गोळे वळायचे म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायला हवं. शेवटी माय-लेकी दोघी दमल्या आणि तिथेच जमिनीवर एकमेकींना टेकून बसल्या. ठमीनं आईचं बोट सहा दातांनी चावून पाहिलं. सातवा वरच्या बाजूला टोचत होता. हा मात्र धाकटीलाच आधी सापडला. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही, थोडा वेळ स्वतःपाशीच ठेवलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अभिलेख कक्षात माऊस चालला. नुसता चालला नाही, धावला. नानांचा गोळा एका बाजूला अंमळ जाड होता, म्हणून बाण थोडा लंगडत जायचा, पण जायचा. भांडारपालांनी स्वतः चालवून पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग एक गोल काढला. अखेर वहीत लिहिलं: चेंडूसह, पूर्ण, चालू स्थितीत.

"झालं ना, साहेब? द्या दाखला."

"दाखला कसा देणार? वस्तू चालू आहे. चालू वस्तूचं निर्लेखन होत नाही."

"मग तुम्ही ठेवून घ्या."

"भांडारात दोनच तऱ्हेच्या वस्तू येतात, मॅडम. न वापरलेल्या आणि न वापरता येणाऱ्या. ही वापरता येते."

"मग माझ्या जागी येणाऱ्याला द्या."

"तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही."

"मी जाईन तेव्हा येईल ना!"

"आणि तुम्ही जाणार वस्तू दिल्यावर," भांडारपाल म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. निसर्गाचा नियम सांगावा तसं ते सांगत होते.

धाकटी खुर्चीवर बसली. "साहेब," ती म्हणाली, "माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. ती मला फोनवर ओळखते. समोर गेले की आधी थोडा विचार करते."

भांडारपालांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग कपाटातून एक जाडजूड नियमपुस्तिका ओढली, तिच्यावर फुंकर मारली आणि मागच्या पानांतून पुढे यायला लागले. पाऊण वाजता ते थांबले. "कर्मचाऱ्याच्या बदलीबरोबर त्याच्याकडील वस्तूही नव्या कार्यालयात वर्ग करता येतात. तीन प्रतींत यादी. सगळ्या वस्तू स्वतः न्याव्या लागतील. एकही मागे राहता कामा नये."

"नेते! कपाटसुद्धा नेते!"

"कपाट नको. कपाट दुसऱ्या वहीत आहे."

तीन प्रतींत यादी लिहायला पावणेतीन वाजले. मोठी पिशवी आणि खांद्यावर आडवा टाकलेला वाकडा कळफलक अशा थाटात ती निघाली. फाटकापाशी सहकारी उभा होता. त्यानं खिन्नपणे पिशवीचा एक बंद धरून तिला बसमध्ये चढवलं. बिचाऱ्याचा चांगुलपणा अगदीच वाया गेला असं नको व्हायला. पहिल्या बसमध्ये पायानं दाबायची पट्टी एका आजोबांच्या पायाखाली गेली आणि त्यांनी ती उतरेपर्यंत दाबली. पुलावर बस बंद पडली. चाळीस मिनिटं! धाकटी दर दोन मिनिटांनी चालकाच्या मागे जाऊन उभी राहायची, जणू तिच्या उभं राहण्यानं यंत्राला लाज वाटणार होती. दुसऱ्या बसमधून तिनं नानांना फोन केला. "थांब्यावर या. पिशवी घ्यायला. ठमीलाही आणा. लवकर!"

पाच वाजून एकवीस मिनिटांनी उपकार्यालयाच्या दारात एक सून, एक सासरे, त्यांच्या कडेवर एक नात आणि नऊ प्रकारची यंत्रं अशी वरात दाखल झाली.

आवक-जावक लिपिक एक पोक्त बाई होत्या. त्यांनी आदेश वाचला, घड्याळ बघितलं आणि भिंतीवरच्या काळ्या डबीकडे बोट केलं. "सहीचं पुस्तक बंद झालं आता. रुजू व्हायचं ते अंगठ्यानं. काचेवर अंगठा ठेवा. तीनदा घेईल, मग नोंद."

धाकटीनं अंगठा ठेवला. डबीतून गोड आवाज आला, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

पुन्हा. साडीला पुसून पुन्हा. उजवा. डावा. तर्जनी. पाच पंचवीस.

"भांडी, कपडे, दुपटी?" लिपिकबाईंनी विचारलं.

"अकरा महिने."

"मग नाही घेणार. रेषा झिजतात. आमच्या साहेबांचा अंगठा मात्र लांबून घेते." त्यांनी स्वतःचे तळवे उघडून दाखवले. "मला पाच महिने लागले. पण तुमची मुदत आजचीच आहे, नाही का?"

पाच सत्तावीस. धाकटीनं फुंकर मारली, अंगठा गालावर घासला, काचेवर दाबून धरला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा," आवाज आला, तितकाच गोड. तिला वाटलं, कळा, गोळे, लेखण्या, पट्ट्या सगळं खांद्यावर वाहून आणलं, आणि अडलं ते स्वतःच्या अंगठ्याशी.

डबीत हिरवा दिवा लुकलुकत होता. लुकलुकणाऱ्या वस्तूपुढे ठमीचा इलाज चालत नसे. ती नानांच्या कडेवरून पुढे झुकली, त्यांच्या सदऱ्याला धरलेला हात सोडवला आणि अंगठा काचेवर ठेवला.

"धन्यवाद," डबी म्हणाली. "आणखी दोन वेळा."

चौघांपैकी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौथी हसत होती. लिपिकबाईंनी साहेबांच्या बंद दाराकडे एक नजर टाकली, मग घड्याळाकडे, आणि मग त्यांना एकाएकी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधावीशी वाटली.

"नाना," धाकटी कुजबुजली.

नाना पुढे सरसावले. एकतीस वर्षांचा गुरुजी जागा झाला होता. "हं. मनगट सैल. अंगठा सरळ. हलकेच... टेकव! शाबास. उचल. पुन्हा... टेकव!"

"धन्यवाद. आपण रुजू झाला आहात. वेळ, पाच एकोणतीस."

टेबलाखालून आवाज आला, "सापडली टाचणी."

सोमवारी लिपिकबाईंनी नियम शोधून ठेवला होता. अंगठा बदलायचा तर मुख्य कार्यालयाकडे अर्ज करायचा, मंजुरीला तीनेक महिने. तोपर्यंत नोंदलेल्या अंगठ्यानंच सकाळी दहाला यायचं आणि साडेपाचला जायचं. धाकटीनं अर्ज नीट सुवाच्य अक्षरात लिहिला. मग नाना सकाळी ठमीला घेऊन आले, अंगठा झाला, दोघं घरी गेले. दुपारी जेवायच्या सुट्टीत धाकटी घरी जाऊन आली. साडेपाचला नाना पुन्हा आले, तेव्हा ठमी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती आणि अंगठा तोंडात.

घरी जायला निघालेले सगळे दाराशी अडकले, कारण डबी त्यांच्या वाटेतच होती. धाकटीनं हलकेच अंगठा सोडवला. ओला होता. डबी ओला अंगठा घेत नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्या साहेबांनी खिशातून घडीचा रुमाल काढून पुढे केला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सावकाश, मॅडम. तिला उठवू नका."

धाकटीनं लेकीचा अंगठा पुसला. मागे आठ माणसं खोळंबली होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती.